पाय फिरलेली गाडी

आमच्या घरात 'ट्रान्सफर' हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा सासूबाईंना वाटलं, मिलिंदची बदली झाली. मिलिंद म्हणजे माझा नवरा, अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. तो फोनवर कुणाला तरी विचारत होता, "म्हणजे ट्रान्सफर नक्की?" सासूबाईंनी भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि म्हणाल्या, "कुठं टाकलं रे तुला?" मग त्याने समजावून सांगितलं. गाडीच्या पोटाखाली, गिअरबॉक्सच्या मागे एक लोखंडी डबा असतो. इंजिनाची ताकद नुसती मागच्या चाकांना द्यायची की पुढच्यांनाही वाटायची, ते तो डबा करतो. त्याला ट्रान्सफर केस म्हणतात आणि मेकॅनिक लोक नुसतं ट्रान्सफर. आमचा तो डबा आतून तुटला होता आणि दुसरा टाकावा लागणार होता. "मग बदलीच की," सासूबाई म्हणाल्या आणि करपलेली भाकरी मिलिंदच्याच ताटात वाढली.

ही गोष्ट दिवाळीची. गाडी माझ्या सासऱ्यांची. शंकरराव त्यांचं नाव, घरात सगळे नाना म्हणतात. पस्तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यावर माणसं घराला रंग काढतात, एखादी सहल करतात. नानांनी काही वर्षं थांबून जुनी फोर बाय फोर गाडी घेतली, तीही डिझेलची, रणगाड्यासारखी. आता ती सतरा वर्षांची आहे. बेलवलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाकीच्या गाड्यांपेक्षा हातभर उंच उभी असते आणि तिच्याखाली कायम तेलाचा एक तरी थेंब असतो. बदलापुरात फोर बाय फोर कशाला लागते, असं मला शेजारणी विचारायच्या. मी म्हणायचे, सासऱ्यांना विचारा. विचारायची हिंमत कुणी केली नाही.

उत्तर मला माहीत होतं. बदलापूर सोडून डोंगराच्या अंगाला गेलं की सावरपाडा लागतो, नानांचं गाव. गावाच्या वर, एका खड्या चढाच्या टोकाला आमच्या लोकांची वस्ती आहे, चौदा घरं. चढ खाली काँक्रीटचा, वरचा निम्मा मुरमाचा. मुरमावर साध्या गाडीची मागची चाकं जागच्या जागी फिरतात, खडी उडवतात आणि गाडी पुढे जात नाही. चारही चाकांना ताकद मिळाली तरच वर जाता येतं. नानांनी गाडी घेतली ती त्या चढासाठी.

त्या चढाचं आणि नानांचं जुनं आहे. नाना अकरा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी कल्याणहून बाबासाहेबांची मोठी तसबीर आणली, काचेची, लाकडी चौकटीची. गावातल्या एकाची बैलगाडी सांगितली होती. चढाच्या पायथ्याशी गाडीवाल्याने बैल थांबवले आणि म्हणाला, माझे बैल हितून वर यायचे नाहीत. तेच बैल शेणखत घेऊन त्या चढाने रोज जात होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बापलेकांनी तसबीर डोक्यावर घेतली. वर पोचेपर्यंत काचेला एका कोपऱ्यात तडा गेला. तसबीर अजून वस्तीत आहे, त्याच काचेसकट. काच बदलू म्हटलं तर नाना बदलू देत नाहीत.

यंदा वस्तीतलं विहार बांधून झालं. बुद्धमूर्ती नाना देणार होते. तीन फुटी, संगमरवरी, दोनशे किलोची मूर्ती लाकडी खोक्यात बंद होऊन आमच्या पार्किंगमध्ये आली आणि सासूबाईंनी तिच्यावर स्वतःची चांगली गोधडी घातली. वैशाख पौर्णिमेला स्थापना ठरली. नानांचं एकच म्हणणं होतं, मूर्ती आपल्या गाडीतून वर जाईल. ते हे वर्षभर सगळ्यांना सांगत होते. विहाराचा पाया खणला त्याच्याही आधीपासून सांगत होते.

पौर्णिमेच्या दोन आठवडे आधी, रविवारी सकाळी, आम्ही चढ करून बघायला गेलो. मूर्तीच्या वजनाचे तांदळाचे चार कट्टे मागे टाकले. मी कट्ट्यांना टेकून मागच्या सीटवर बसले, मिलिंद पुढे, गाडी नाना चालवत होते. पायथ्याशी त्यांनी आखूड दांडा ओढला. मोठ्या गिअरच्या बाजूला तो असतो, तो ओढला की चारही चाकं कामाला लागतात. काँक्रीट सुरू झालं तशी गाडी कण्हायला लागली. स्टिअरिंग जड झालं, खालून कट-कट आवाज यायला लागला. मुरूम अजून वीसेक पावलं लांब होता. तेवढ्यात तो आखूड दांडा आपला आपण उसळून न्यूट्रलला आला. इंजिन रिकामंच ओरडलं आणि गाडी मागे सरकायला लागली.

नानांनी ब्रेक दाबेपर्यंत आम्ही दोन गाड्यांच्या लांबीइतके मागे आलो होतो. मागचा बंपर रस्त्याकडेच्या दगडांच्या ढिगाला टेकला. कुणाला काही झालं नाही. पण नाना स्टिअरिंग सोडेनात. मी उतरून पुढे गेले आणि त्यांची बोटं एकेक करून मीच सोडवली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाची बोटं अशी आवळलेली बघून मला आधी रडू आलं आणि लगेच राग आला. कुणाचा ते तेव्हा कळलं नाही.

परत येताना अंबरनाथला अनीशच्या गॅरेजवर थांबलो. दिवाळीत दुसरा ट्रान्सफर त्यानेच बसवला होता, उल्हासनगरच्या भंगारबाजारातून आणलेला. त्याने खाली सरकून पाहिलं, दांडा चार वेळा हलवला आणि हात पुसत बाहेर आला. "भाभी, हा पण गेला. जुना माल आहे, काय करणार. तिसरा टाकू. पण पौर्णिमेच्या आत मिळेल असं मी बोलणार नाय, खोटं कशाला बोलू."

घरी आल्यावर नानांनी गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि मिलिंदला म्हणाले, "कोंडाजीला फोन लाव." कोंडाजी सावरपाड्यातला शेतकरी, साठीचा, भला माणूस. मागच्या वर्षी सासूबाई गावात पडल्या तेव्हा त्यानेच त्यांना दवाखान्यात नेलं होतं. फोन स्पीकरवर होता. "शंकरभाऊ, ट्रॅक्टर हाय ना घरचा," तो म्हणाला, "गारीचा कशाला तरास घेता? देवाचं काम, मी सोता येतो." नाना 'बरं, कळवतो' म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी चहा घेऊन मागे गेले. ती बैलगाडी कोंडाजीच्या आजोबांची होती. कोंडाजीला हे ठाऊक नाही. गावात आता नानांशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

"कोंडाजीचा यात काय दोष," नाना म्हणाले. "त्याचा जन्म पण नव्हता. पण तूच सांग भावना, ट्रॅक्टर त्याच अंगणातून निघणार. मी हे त्याला सांगू शकत नाही आणि त्यात बसू पण शकत नाही."

"मग कळवू नका त्याला अजून. चौदा दिवस आहेत."

"चौदा दिवसांत तू काय करणार?"

"ते अजून माहीत नाही," मी म्हणाले, "पण गाडी वर जाणार." बोलून गेले खरी. मला तोपर्यंत गाडीतलं स्टिअरिंग आणि ब्रेक सोडून काही कळत नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलचं लायसन्स होतं, ते नानांच्या गाडीला हात लावायला कधी उपयोगी पडलं नव्हतं.

मी काम करते उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे दोन गाळे, चौदा मशिनं आणि एक लांबलचक टेबल. त्या टेबलावर कापड मी कापते. एका वेळी साठ-साठ थर. कापणाऱ्याला आमच्या धंद्यात मास्टर म्हणतात. पुरुष असेल तर. माझ्या आधीचे मास्टरजी अकरा वर्षांपूर्वी गावी गेले ते परत आले नाहीत, तेव्हापासून मी कापते. शेठ मात्र अजून गिऱ्हाइकांना सांगतो, "मास्टर गाँव गया है, अभी दीदी देखती है." अकरा वर्षं झाली, मास्टर अजून गावालाच आहेत. पहिली दोनतीन वर्षं मला हसू यायचं. आता येत नाही.

मंगळवारी शेठ एक गठ्ठा घेऊन टेबलापाशी आला. "दीदी, ये देखो, पूरा लॉट वापस आया है." एक जीन्स उचलून बघितली तर पाय फिरला होता. जीन्सच्या पायाला पुढचा एक आणि मागचा एक असे दोन तुकडे असतात. दोघांची लांबी सारखीच लागते. एक जरा लांब, एक जरा आखूड असेल तरी शिलाई दोघांना बळंच एकत्र बांधून टाकते. शिवताना कळत नाही. धुतल्यावर बाजूची शिवण फिरत फिरत नडगीवर येते आणि घालणाऱ्याचा पाय आवळतो. त्याला आम्ही म्हणतो, पाय फिरला.

"मशीन का प्रॉब्लम है," शेठ म्हणाला. "दूसरा मशीन मंगाता हूँ."

"शेठ, हे तीन मशीनवर शिवलंय. तिन्हींचा पाय फिरलाय. मशीन बदलून काय होणार? ज्या दोन गोष्टी जोडल्यात त्याच सारख्या नाहीत, तर शिलाई बिचारी काय..."

आणि मी तिथेच थांबले. शेठ माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

दोन ट्रान्सफर. दोघांचं दुखणं एकच. आपण डबे बदलतोय. तो डबा काय करतो? पुढची चाकं आणि मागची चाकं एकत्र बांधतो. म्हणजे तो शिलाईच आहे.

मी लॉटचे शिल्लक तुकडे काढले. पुढचा भाग एका थानातला, म्हणजे ताग्यातला होता, मागचा दुसऱ्यातला. दोन्ही थानांवर एकच नंबर होता, म्हणून कुणी वेगळं मोजलं नाही. एक थान धुतल्यावर जास्त आटलं. शेठला मी हे दाखवलं, त्याने कपाळाला हात लावला. माझं अर्धं लक्ष बेलवलीच्या पार्किंगमध्ये होतं.

बुधवारी सकाळी मिलिंदला उठवलं आणि खाली नेलं. आधी चारही टायरांत हवा सारखी भरून आणायला लावली, नाहीतर माप खोटं आलं असतं. मग शिवणकामाचा खडू घेतला. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर एक रेघ आणि फरशीवर एक रेघ मारली. टायर एक पूर्ण फेरा फिरून ती रेघ पुन्हा खाली आली की फरशीवर दुसरी रेघ मारायची. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे एका फेऱ्यात चाक किती चाललं. मिलिंद स्टिअरिंग धरून बाहेरून ढकलत होता, आणि पुरेना म्हणून सासूबाईंनीही पदर खोचून मागून जोर लावला. "एवढं वय झालं तरी ढकलावंच लागतं," त्या म्हणाल्या. गाडीला म्हणत होत्या की लेकाला, ते विचारायला वेळ नव्हता.

गळ्यातला टेप साठ इंचांचा, तो दोनदा लावावा लागला. पुढचं चाक साडेएकोणनव्वद इंच. मागचं ब्याण्णव.

मी तीनदा मोजलं. अडीच इंचांचा फरक. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला पुढचं चाक अडीच इंच मागे राहत होतं आणि ट्रान्सफर दोघांना बांधून ठेवत होता. काँक्रीटवर चाकं घसरून सुटू शकत नाहीत. सगळा पीळ त्या डब्यात जात होता. पहिल्या डब्याची साखळी तुटली, दुसऱ्याने दांडा बाहेर फेकला. मला त्या दोन्ही डब्यांची दया आली.

वर बघितलं तर नाना गॅलरीत उभे होते. मी तिथूनच सांगितलं. ते खाली आले नाहीत.

"चारही टायरांवर एकच नंबर आहे," ते वरून म्हणाले. "वाच."

"नंबर तर लेबलवर पण असतो नाना. बत्तीस लिहिलेली पँट साडेएकतीस निघते."

"गाडी म्हणजे पँट नाही. पस्तीस वर्षं मी मायक्रोमीटरवर काम केलंय. तुझ्या त्या कापडी पट्ट्याने टायर मोजतात का कुठे?" आणि आत गेले.

मला इतका राग आला की मी खडूच्या रेघा पुसल्या नाहीत. लोकांच्या गाड्या त्यावरून जाऊ देत म्हटलं. ट्रेनला उशीर झाला होता, मी तशीच कामाला गेले. दिवसभर कापत होते आणि मनात नानांशी भांडत होते. संध्याकाळी घरी आले तरी माझ्याकडे सांगण्यासारखी सात-आठ वाक्यं तयार होती.

एकही वापरता आलं नाही. नाना जेवणाच्या टेबलाशी बसले होते. हाताच्या बोटांना खडू लागला होता आणि समोर त्यांचा जुना स्टीलचा टेप होता. गुडघ्यांना पार्किंगची धूळ होती.

"तुझ्या मापात चूक आहे," ते म्हणाले. "मागचं ब्याण्णव नाही. ब्याण्णव आणि एक सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे माप फिटरला जितकं कळतं तितकंच कापणाऱ्याला. एका सुताने मी चुकले होते, हे बरोबरच होतं.

"मागचे टायर मी दसऱ्याला रिमोल्ड करून आणले," नाना टेपची पट्टी आत-बाहेर करत म्हणाले. "जुन्या टायरवर नवीन रबर. बाजूचा नंबर जुनाच राहतो. पुढचे झिजलेले तसेच ठेवले. दसऱ्याच्या आधी दहा वर्षं या गाडीला काही झालं नव्हतं. मला दिसायला पाहिजे होतं. एका सुतासाठी मी लोकांनी करून आणलेले जॉब रिजेक्ट केलेत भावना. माणसं माझ्या टेबलावर यायला घाबरायची. आणि माझ्या घरच्या गाडीला अडीच इंचाचा फरक, तो मी स्वतः बसवला."

सासूबाईंनी त्यांच्यासमोर ताट ठेवलं. "आता जेवा," त्या म्हणाल्या. "रिजेक्ट केलं नाही आम्ही तुम्हाला."

नाना हसले नाहीत, पण जेवले.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून येताना अंबरनाथला उतरले. पर्समध्ये परत आलेल्या लॉटमधला एक पाय कापून घेतला होता. अनीशसमोर तो धरला. शिवण नडगीवर फिरलेली. "हे मशीन बदलून नीट होईल का?" मी विचारलं.

तो म्हणाला, "भाभी, मी शिलाईवाला थोडी आहे."

मी त्याला दोन तुकड्यांची लांबी दाखवली, मग टायरची मापं सांगितली. तो त्या निळ्या तुकड्याला उलटसुलट करत बसला. पिळलेल्या बाजूवरून बोट फिरवलं. "म्हणजे ट्रान्सफर शिलाई आहे," तो हळूच म्हणाला. "साला, मी दोनदा गाडीखाली गेलो, नंबर बघितला, नंबर सेम. टेप कोण लावतो." त्याने स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. मग कामाचं बोलला. दुसरा डबा गेलेला नसावा. दांडा जागेवर धरून ठेवायला आत एक छोटी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. सततच्या पिळाने तीच घासली असणार. "खोलून बघतो. आतलं चांगलं असेल तर गोळी-स्प्रिंग बदलून देतो. पण टायर आधी. नाहीतर हे पण जाणार."

त्याने खोललं, आतलं चांगलं निघालं. एवढं एक नशिबाने दिलं, बाकी आम्हीच मिळवलं.

टायर घ्यायला मी आणि नाना दोघं गेलो. दुकानदाराने नंबर विचारला, नानांनी सांगितला. त्याने चार टायर आणून ठेवले. मी म्हणाले, "चारही एकाच लॉटचे पाहिजेत."

"एकच कंपनी, एकच साइज आहे मॅडम."

"लॉट विचारला मी." आमच्याकडे एका पँटीचे तुकडे एकाच थानातले घेतात, ते मी त्याला सांगत बसले नाही. त्याने नाराजीने दोन बदलले. मग मी पर्समधून टेप काढला आणि चारही टायरांना बाहेरून दोन दोन भागांत टेप लावून मोजलं. दुकानदार नानांकडे बघत होता, की तुम्ही तरी यांना काही सांगा. नाना खाली बसले आणि टेपचं दुसरं टोक धरलं. "घट्ट धरलंय," ते म्हणाले. "वाच."

चारही एका सुताच्या आत आले.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी खोकं गाडीत चढवलं. सहा माणसं लागली. सासूबाईंनी गोधडी पुन्हा नीट खोचली, पांढरं लुगडं नेसून मागे मूर्तीशेजारी बसल्या, आणि मिलिंद खोकं धरायला त्यांच्याजवळ. मी माझ्या जागेवर, म्हणजे मागेच, चढायला निघाले होते. नानांनी खिळ्यावरची किल्ली माझ्यासमोर धरली.

"तू चालव. माझा हात आता भरवशाचा नाही."

"मी हा चढ कधी चालवला नाही नाना."

"टायर पण तू कधी मोजले नव्हतेस."

मी किल्ली घेतली. सावरपाड्याच्या पायथ्याशी मी गाडी थांबवली. वस्तीतली माणसं पांढऱ्या कपड्यांत वर उभी होती, भंतेजींचं चीवर उन्हात लांबून दिसत होतं. खाली गावातलीही काही मंडळी होती, कोंडाजी त्यांच्यात. रस्त्याकडेला तो दगडांचा ढीग तसाच होता, आमच्या बंपरची पांढरी खूण अजून त्यावर होती. मागे दोनशे किलोची मूर्ती, सासू आणि नवरा. दांडा उसळला तर ब्रेक मला दाबायचा होता.

अनीशने सांगितलं होतं तसं, सरळ चाकं ठेवून मी आखूड दांडा ओढला. तो टक् करून बसला. गाडी निघाली. काँक्रीट आलं. मी कट-कट आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. स्टिअरिंग हलकं होतं.

नाना बाजूला होते. मागच्या वेळी गाडी घसरली ती जागा जवळ आली तसा त्यांचा हात पुढे आला, आखूड दांड्याकडे. तो दाबून धरायला, उसळू नये म्हणून. जुने ड्रायव्हर तसंच करतात. दांड्याच्या वीतभर अलीकडे तो हात थांबला. मी रस्त्यावरची नजर काढली नाही, तरी मला दिसलं. नानांनी हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले.

मुरूम सुरू झाला. मागची चाकं क्षणभर सरकली, पुढच्या दोघांनी धरलं, आणि गाडी न थांबता, न गुरगुरता, बैलाच्या चालीने वर गेली. तडा गेलेल्या काचेची तसबीर विहाराच्या दारात खुर्चीवर ठेवली होती. तिच्यासमोर मी इंजिन बंद केलं. मागून सासूबाईंचं मुसमुसणं ऐकू आलं. नाना उतरले नाहीत. "दांडा परत टाक," ते म्हणाले. मी गाडी चालू करून दोन पावलं मागे घेतली आणि दांडा पुढे ढकलला. आत पीळ असता तर तो अडकून बसला असता, पण एका बोटाने सुटला. नानांनी तो आवाज ऐकला, मान डोलावली आणि मग दार उघडलं.

गावातली माणसं चढ चालत वर आली होती, सगळ्यात पुढे कोंडाजी, घामाघूम. तो मागच्या दाराशी आला. "शंकरभाऊ, आवाज पन नाय आला गारीचा. तुमचा तो डबा गेलावता ना? कोनी बनवला?"

"आमच्या मास्टरांनी," नाना म्हणाले.

"कोन मास्टर?"

नानांनी मागे वळून माझ्याकडे हात केला. "ह्या. कटिंग मास्टर, उल्हासनगर. अकरा वर्षं झाली."

मी वाकून चाक बघायला लागले. चाकाला बघण्यासारखं काही नव्हतं, पण डोळे पुसायचे होते. टेप गळ्यातच राहिला होता, त्याचं टोक मुरमाला लागलं. उठले तेव्हा कोंडाजीने टोपी काढून खिशात घातली होती, बाह्या वर केल्या होत्या आणि खोक्याला हात लावून माझ्याकडे बघत उभा होता. नाना त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ.

"बोला मास्टर," कोंडाजी म्हणाला, "कुठून धरू?"

मी सांगितलं, आणि त्याने तिथून धरलं.